कोरी वही आणि टोपलीतले कांदे

प्रश्न : माझी मुलगी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला आहे. सरांनी फळ्यावर लिहिलेला प्रोग्रॅम तिला ओळन्‌ओळ समजतो. पण नवीन प्रश्न समोर आला की तासन्‌तास कोऱ्या वहीकडे बघत बसते. ‘माझ्याकडे लॉजिकच नाही’ म्हणून रडते. क्लास बदलावा का?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, एवढ्यात क्लास बदलू नका. आणि ‘लॉजिक नाही’ हे वाक्य घरात कुणालाच बोलू देऊ नका. बावीस वर्षं मी पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते आहे, दरवर्षी हेच ऐकते. यात पोरांपेक्षा आम्हा शिकवणाऱ्यांचा दोष मोठा. सुरुवातीला मीसुद्धा फळ्यावर तयार प्रोग्रॅम लिहायचे आणि मुलं तो जर्नलमध्ये उतरवायची. एका प्रॅक्टिकलला मी ‘सर्वांत मोठा आकडा शोधा’ऐवजी ‘दुसरा मोठा’ असं विचारलं. सुबक अक्षरात सगळं जर्नल पूर्ण केलेली एक मुलगी माउसवर हात ठेवून तशीच बसून राहिली. तिचा तो हात मला अजून दिसतो. उत्तराकडे जायचं कसं, हे मी तिला कधी दाखवलंच नव्हतं.

तोच प्रश्न तुमच्या लेकीला द्या, पण कॉम्प्युटर बंद ठेवून. कांद्यांची टोपली घ्या आणि एकेक कांदा तिच्यापुढे धरा. टोपलीत डोकवायचं नाही, हात दोनच, आणि शेवटी दुसऱ्या नंबरचा मोठा कांदा तुम्हाला द्यायचा. चार-पाच कांद्यांत ती आपसूक सर्वांत मोठा उजव्या हातात आणि त्याच्या खालचा डाव्या हातात धरायला लागेल. मग विचारा, ‘आत्ता काय केलंस?’ ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत, मराठीत, वहीत उतरवू दे. प्रोग्रॅमचा कच्चा आराखडा तोच.

आता त्याच वहीत आकडे घ्या : ४५, ७२, ६०. ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ असे दोन रकाने आखा. सुरुवातीला पहिला ४५, दुसरा रिकामा. ७२ आला की आधी ४५ दुसऱ्या रकान्यात सरकवायचा, मगच ७२ पहिल्यात लिहायचा. मुलं नेमकी इथे चुकतात. आधी पहिल्यात ७२ लिहिला की तिथला ४५ पुसला जातो आणि दोन्ही रकान्यांत ७२ बसतो. मग ६० आला तरी काही हलत नाही, उत्तर ७२ येतं. हातात कांदा असताना ही चूक होऊच शकत नाही, कारण उजवा हात मोकळा केल्याशिवाय नवा कांदा घेता येत नाही. म्हणून मी कांद्यांवर एवढी अडून बसते.

आणखी दोन प्रश्न लिहायला बसण्याआधीच विचारायचे. ७२ दोनदा आला तर दुसरा मोठा कोणता धरायचा, ७२ की ६०? हे प्रश्न देणाऱ्यालाच विचारावं. आणि सगळेच आकडे शून्याखालचे असतील, समजा लेहचं हिवाळ्यातलं तापमान, तर? दोन्ही रकाने शून्याने सुरू केले असतील तर यादीत नसलेला शून्यच उत्तर म्हणून येईल.

पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी १९७१ मध्ये एक लेख लिहिला. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांच्या माऱ्यात न येता कसे बसवायचे, हा प्रश्न त्यांनी त्यात घेतला होता. आधी ढोबळ पायऱ्या मांडायच्या, मग एकेक पायरी फोडत न्यायची, अशा रीतीने त्यांनी पुरा प्रोग्रॅम उभा केला. एवढा मोठा माणूससुद्धा एका झटक्यात कोड लिहीत नव्हता, हे लेकीला जरूर सांगा.

रोज एकच प्रश्न, अर्धा तास, कागदावर. तोवर मोबाईलवरचं तयार उत्तर बघायचं नाही. एवढ्या एका बाबतीत कडक राहा.

कांद्यांचं जमलं की लीप वर्षाचा प्रश्न द्या. १९०० लीप वर्ष नव्हतं, २००० होतं, २०२४ होतं. कॅलेंडर घेऊन नियम तिलाच मांडू दे. खाडाखोड असलेलं ते पान जसंच्या तसं माझ्याकडे पाठवा, मी बघेन.