मेलच्या 'फ्रॉम'मधलं (पाठवणाऱ्याच्या पत्त्यातलं) डोमेन आणि सहीचं डोमेन जुळव

मेल पोचतात, पण तुझ्या नावापुढे 'व्हाया' लागून भलतंच डोमेन दिसतं ना? पाठवणारी सेवा डीकेआयएमची सही (मेल कुठल्या डोमेनचा हे पटवणारी डिजिटल सही) स्वतःच्या डोमेनने करतेय. सेवेच्या सेटिंगमध्ये तुझं डोमेन जोड आणि तिने दिलेल्या नोंदी तुझ्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी असतात तिथे) टाक. एसपीएफ (डोमेनच्या नावे कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) पास झालं म्हणून निर्धास्त राहू नकोस. ते रिटर्न-पाथचं (न पोचलेले मेल परत येतात त्या पत्त्याचं) डोमेन तपासतं, फ्रॉमचं नाही. मी इथेच आठवडाभर अडकलो होतो. डीमार्क (फ्रॉमशी डोमेन जुळलं नाही तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आधी 'नन'वर, म्हणजे काही न अडवता, ठेव, रिपोर्ट वाच, मगच कडक कर. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४पासून हे तिन्ही सक्तीचं आहे. तुझे कमी असले तरी कर. मग स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवून 'शो ओरिजिनल'मध्ये तिन्हींपुढे पास आहे का बघ.