महागड्या शाळांतील मुले अभ्यास आणि परीक्षा गांभीर्याने घेतात का?

भरमसाट फी घेणाऱ्या शाळांतील मुले घरच्या पैशाच्या जोरावर निर्धास्त असतात का, असे आपण विचारले आहे. मी मुंबईतील अशाच एका आंतरराष्ट्रीय शाळेत सहा वर्षे गणित शिकवत आहे आणि त्याआधी राज्य मंडळाच्या अनुदानित शाळेत होतो, त्यामुळे दोन्हीकडचे पाहिलेले आहे. ही मुले निर्धास्त मुळीच नसतात. मात्र त्यांना परीक्षेपेक्षा शिक्षकाच्या अंदाजाची धास्ती अधिक असते.

आमच्याकडे अकरावी-बारावीला आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहे. सहा विषयांचे प्रत्येकी 7 आणि दीर्घ निबंध वगैरेंचे 3, असे एकूण 45 गुण. अंतिम परीक्षा मे महिन्यात होते, निकाल जुलैत लागतो. परंतु परदेशी विद्यापीठांचे अर्ज त्याच्या कितीतरी आधी जातात आणि त्यांसोबत विषयशिक्षकाने वर्तवलेले गुण पाठवावे लागतात. त्यांना सगळे 'प्रेडिक्टेड' म्हणतात.

अनुदानित शाळेतील मुलाला बोर्डाचा पेपर कोण तपासणार हे ठाऊक नसते. इथे भवितव्य ठरवणारा माणूस रोज फळ्यापाशी उभा असतो, तेव्हा घासाघीस आलीच. एकदा सप्टेंबरात एक मुलगा मधल्या सुट्टीत कॅल्क्युलसच्या चाचणीचा पेपर घेऊन आला. उत्तर चुकले असले तरी पद्धतीचे 2 गुण मिळायला हवेत, हे त्याने गुणदानाच्या तक्त्यातील ओळीवर बोट ठेवून दाखवले, आणि त्याचे म्हणणे रास्त होते. मी गुण वाढवले. त्यावर त्याने शांतपणे विचारले, "मग सर, आता सहाचे सात होतील ना?" चिन्ह नेमके कुठे चुकले, हे त्याने विचारलेच नाही.

खालच्या वर्गांत "हे धरणार आहेत का?", म्हणजे याचे गुण निकालात मोजणार का, हा प्रश्न दिवसातून चारदा कानी पडतो. 2020 च्या कायद्याने सक्तीचा झालेला मराठीचा तास याच प्रश्नावर मार खातो.

शिकवण्या सर्वांनाच असतात. त्यांचे तासाचे दर ऐकल्यापासून मी शिक्षकखोलीत तो विषय काढत नाही.

खरी गंमत एप्रिलमध्ये दिसते. अमेरिकेतील बहुतेक निर्णय मार्चअखेर कळतात, तर ब्रिटनमधील प्रवेश बहुधा अंतिम गुणांच्या अटीवर असतो. त्यामुळे एकाच बाकावर 38 गुणांची अट असलेली मुलगी जुने पेपर सोडवत बसते आणि शेजारचा मुलगा वसतिगृहाच्या खोल्यांचे फोटो पाहत असतो.