एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्या तर आवाज सुधारतो का?

तुम्ही विचारलंय की डाव्या स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी अदलाबदल करून जोडल्यावर हॉल भरून आवाज येतोय असं वाटतं, मग तसंच ठेवावं का आणि त्यानं ॲम्प्लिफायर बिघडेल का? ॲम्प्लिफायरला काही होणार नाही. पण तसं ठेवू नका. गाण्याचा जीवच त्यात हरवतो.

मी सांगलीचा, आणि घरी बहुतेक वेळ शास्त्रीय संगीत लागलेलं असतं. वायरी बरोबर आहेत की नाहीत हे तपासायला मी मिरजेतच राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं जुनं ध्वनिमुद्रण लावतो. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्या काळच्या त्यांच्या तबकड्या मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना तोच आवाज जातो. वायरी बरोबर असतील आणि तुम्ही दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसला असाल, तर गळा नेमका मधून यायला हवा, जिथे स्पीकर नाहीच तिथून. एका बाजूची जोडणी उलटी असली की तोच गळा मधली जागा सोडतो. कुठून येतोय ते बोट दाखवून सांगता येत नाही, कानांवर एक विचित्र दाब आल्यासारखं वाटतं. तुम्हाला जो 'भरलेला' आवाज वाटतोय तो हाच.

असं का होतं? एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. एक हवेचा दाब वाढवतो, दुसरा तेवढाच कमी करतो. याचा सगळ्यात मोठा फटका खर्जाला बसतो. १०० हर्ट्झच्या ध्वनीची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते, ५० हर्ट्झची जवळजवळ ७ मीटर. आपल्या हॉलच्या मानानं ही लांबी एवढी मोठी की दोन्ही स्पीकरचे खर्जाचे आवाज एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. वरच्या सुरांच्या लहरी काही सेंटिमीटरच्या. त्या दोन कानांपाशी, भिंतींपाशी कुठे जुळतात, कुठे कटतात. त्या गोंधळालाच कान 'मोठी जागा' समजतो. तबल्याचं चांगलं स्टिरिओ रेकॉर्डिंग लावून डग्ग्याकडे लक्ष द्या. चाटी खणखणीत ऐकू येईल, पण डग्ग्याचा घुमारा पोकळ झालेला असेल. एवढी किंमत देऊन तो पसारा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

दोन्ही स्पीकर एकदम उलटे जोडले तर? मग दोघांचे पडदे पुन्हा एकत्रच हलतात, त्यामुळे गळा मध्ये राहतो, खर्जही राहतो. त्यातला फरक ऐकू येतो म्हणणारे लोक आहेत, पण मुळात सगळी रेकॉर्डिंग प्लस-मायनसच्या एकाच दिशेनं केलेली नसतात. मी त्याच्या मागे लागत नाही.

जुने स्पीकर घेतले असतील आणि खुणा पुसल्या असतील, तर आधी ॲम्प्लिफायर बंद करून वायरी त्याच्यापासून सोडवा. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वायरीच्या दोन टोकांना क्षणभरच टेकवा आणि मोठ्या स्पीकरच्या पडद्याकडे बघा. तो बाहेर आला तर सेलच्या प्लसला लावलेली वायर प्लसची. आत गेला तर उलट. परत जोडताना तांब्याचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकणार नाही हे बघा. ॲम्प्लिफायर जातो तो अशा शॉर्टनं.

स्पीकरची पेटी उघडून आतला ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, मात्र उलटसुलट करू नका. कित्येक पेट्यांत तो मुद्दामच उलटा जोडलेला असतो, कारण क्रॉसओव्हरमुळे (खर्ज आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमुळे) वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, आणि ट्विटर यांच्या आवाजात फेजचा, म्हणजे लहरी पुढेमागे होण्याचा, फरक पडतो आणि बनवणाऱ्यानं तो तसा जुळवलेला असतो.

प्रयोगच करायचा असेल तर सबवूफरवर, म्हणजे फक्त खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरवर करा, तिथे तो खरंच उपयोगी आहे. त्याच्या मागच्या बाजूला ० आणि १८० असं फेजचं बटण असतं; १८० म्हणजे वायरी उलट्या जोडल्यासारखंच. तुम्ही नेहमीच्या जागी बसा, घरातल्या कुणाला तरी बटण बदलायला सांगा आणि ज्या बाजूला खर्ज जास्त भरीव वाटेल तिथे ठेवा. सबवूफर मुख्य स्पीकरपासून दूर कोपऱ्यात असेल तर १८० बरोबर ठरणंही शक्य आहे, कारण तिथून आवाज पोचायला लागणारा वेळ वेगळा असतो.

आणि ऐसपैस आवाज हवाच असेल तर स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या आणि दोघांतलं अंतर तुमच्या बसण्याच्या जागेपर्यंतच्या अंतराइतकं ठेवून बघा. एवढं करूनही गळा मध्ये येत नसेल, तर एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा मोकळ्यात असं झालंय का ते बघा. तसंही नसेल तर पूर्वीच्या दुरुस्तीत एका पेटीच्या आतली जोडणी बदललेली असू शकते. मग दोन्ही पेट्या एकत्रच दुरुस्तीवाल्याकडे न्या, म्हणजे त्याला एकीवरून दुसरी ताडून बघता येईल.