एकदाच चालवायच्या कामासाठी घाईत लिहिलेला गबाळा कोड चालतो का?

चालतो. मी सर्रास लिहितो. व्हेरिएबलचं नाव 'क्ष', फंक्शन एकही नाही, फाइलचा पत्ता थेट कोडमध्ये कोंबलेला. दोन दिवसांच्या लग्नाला कुणी आरसीसीचा मांडव घालत नाही.

पण उत्तर तपासताना गबाळेपणा नको. हे मला कांद्याने शिकवलं. मामांचा पिंपळगाव बसवंतला कांद्याचा व्यापार. वर्षाची खरेदी मुनीमांनी एक्सेलमध्ये भरलेली; मामांना महिनावार क्विंटल हवे होते, लाल आणि उन्हाळ वेगळे. सातपूरला ऑफिसात डबा खाता खाता मी पायथनच्या वीसेक ओळी खरडल्या. एकूण बेरीज वहीशी जुळली, म्हणून खुशाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिलं. दहा मिनिटांत फोन: "काय रे, जानेवारीत उन्हाळ कांदा कोणाच्या कांदाचाळीतून काढलास?"

तारखा होत्या ०१/०६ अशा. पायथनमध्ये तक्ते हाताळायला वापरतात ती पांडाज लायब्ररी अशा तारखेत महिना आधी धरते, त्यामुळे १ जूनचा माल ६ जानेवारीला जाऊन बसला. १३ तारखेपासून पुढचा माल मात्र जागेवर. तेरावा महिनाच नसल्याने तेवढ्या तारखा वाचल्या. (२०२३ च्या २.० आवृत्तीपासून अशी सरमिसळ दिसली की एरर येतो. तेव्हा सगळं गुपचूप व्हायचं.) ओळी तेवढ्याच, बेरीज तीच, महिने चुकीचे. तेव्हापासून कुठल्यातरी एका महिन्याची बेरीज मी हाताने करून बघतो.

ओळी मोजणं तरीही सोडू नका. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून सुटले, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या (एक्सएलएस) फाइलमध्ये ओतली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ च ओळी मावतात. आत किती गेल्या, बाहेर किती आल्या, एवढं छापलं असतं तरी कळलं असतं.

फाइली पुसणारा, नावं बदलणारा किंवा मेल पाठवणारा कोड असेल, तर आधी तो काय करणार आहे ते नुसतं स्क्रीनवर छापून बघा आणि मूळ फाइलची कॉपी ठेवा. तिथे मी डबा खाता खाता काही लिहीत नाही.

आणि 'एकदाच' म्हणणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. मामांची ती फाइल आता दर मार्चअखेर येते. दुसऱ्या वर्षी मी अर्धा तास घालून तारखेची ओळ नीट केली, पत्ता बाहेर काढला. 'क्ष' अजून 'क्ष'च आहे.