विषाच्या वड्या नंतर, आधी भोके बुजवा

घरातल्या उंदरांच्या बंदोबस्ताची सुरुवात विषाच्या वड्यांनी करू नये, कारण त्या खाल्लेला उंदीर माळ्यावर किंवा कपाटामागे मरतो आणि मग आठवडाभर वासाचा उगम शोधत बसावे लागते (मी बसलो आहे). प्रथम वाटा बुजवाव्यात. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फटही पुरते, म्हणून सिंकखालच्या पाइपाभोवतीच्या भोकात तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लिंपावे. कापडाचा बोळा तो सहज कुरतडतो. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे पिंजरा खोलीच्या मध्यभागी ठेवणे. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो, तेव्हा पिंजरा भिंतीलगत ठेवून आत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा घट्ट अडकवावा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवून पुसाव्यात. दोन-चार रात्री पिंजरा रिकामा राहिला, तरी धीर सोडू नये.