ऑटिझम असलेला माझा सात वर्षांचा मुलगा रात्री जागतो आणि दिवसा चावतो, ढकलतो. या दोन्हींचा काही संबंध असेल का?

हो, संबंध असतो. तुमचं वर्णन वाचून तर मला आधी त्याची रात्र नीट पाहावीशी वाटते आणि मग शाळेच्या तक्रारींकडे वळावंसं वाटतं. तुम्ही लिहिलंय की तो झोपाळ्यावर एकच्या सुमारास झोपतो, मग तुम्ही त्याला उचलून पलंगावर नेता. तीनला उठून तो तासभर घरभर फिरतो आणि साडेसहाला त्याला शाळेसाठी ओढून उठवावं लागतं. शाळेतून आल्यावर तीन ते पाच झोप. अलीकडे हात चावणं, मुलांना ढकलणं वाढलंय, सासूबाई म्हणतात ऑटिझम वाढत चाललाय, आणि केमिस्ट म्हणतो झोपेसाठी मेलाटोनिन देऊन बघा.

मी बडोद्यातच विशेष शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. औषधाबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण अशी घरं मी खूप जवळून पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

हिशेब केला तर त्याची रात्रीची झोप जेमतेम साडेचार तास भरते, दुपारची धरून साडेसहा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते. मोठं माणूस झोप झाली नाही की पेंगतं. मूल मात्र उलट जास्त धावतं, किंचाळतं, हट्टाला पेटतं. हे कुठल्याही मुलात दिसतं. ऑटिझम असलेलं मूल त्याशिवाय दिवसभर आणखी बरंच काही निभावत असतं: वर्गातला कलकलाट, ट्यूबलाइटची घरघर, शर्टच्या कॉलरचं टोचणं, अचानक बदललेलं वेळापत्रक. हे सगळं सोसायला ताकद लागते. झोप तुटली की ती ताकद दहा वाजेपर्यंतच संपते आणि मग कालपर्यंत चालणारी गोष्ट आज चालत नाही. तेच तेच हातवारे वाढतात, खाण्याचे नखरे वाढतात, स्वतःला चावणं वाढतं. आणि असा तापलेला दिवस गेला की रात्री अंग शांत व्हायला आणखी वेळ लागतो. म्हणजे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं.

तुमचं घर यात एकटं नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत ऑटिझम असलेल्या ५० ते ८० टक्के मुलांना झोपेचा काही ना काही त्रास आढळला आहे. इतर मुलांत हे प्रमाण साधारण २० ते ४० टक्के असतं. २०१४ साली अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांनी मिळून २ ते १० वर्षांच्या ८० मुलांच्या पालकांना फक्त झोपेच्या सवयींचं शिक्षण दिलं. मुलं लवकर झोपू लागली, आणि त्याबरोबर त्यांची चिंता, लक्ष आणि पुनरावृत्तीचं वागणं यांतही सुधारणा दिसली. झोप सुधारली म्हणून ऑटिझम जात नाही. बोलणं, नजर, माणसांशी जोडलं जाणं यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांचं काम चालूच राहतं. पण जे ‘वाढलं’ असं तुम्हाला दिसतंय, त्यातला बराच भाग थकव्याचा असू शकतो.

पहिलं काम म्हणजे एक वही. डावीकडच्या पानावर रात्र: अंथरुणात कधी गेला, झोप कधी लागली, किती वाजता उठला, काय करत होता, परत कधी झोपला. उजवीकडे त्याच दिवसाचं वागणं: कधी चावला, त्याआधी काय झालं होतं, काय खाल्लं, पोट साफ झालं का. दोन आठवडे लिहा. दोन्ही पानं समोरासमोर ठेवली की जे दिसतं ते नुसत्या आठवणीतून सांगता येत नाही. डॉक्टरही अशी वही पाहिली की वेगळे प्रश्न विचारतात.

दुसरं, शरीर. जो मुलगा ‘दुखतंय’ असं सांगू शकत नाही, तो रात्री उठून फिरतो. तो घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का? मग कान-नाक-घसा तज्ज्ञांना टॉन्सिल आणि अॅडिनॉइड (नाकामागची गाठ) दाखवा. झोपेत पाय सतत झटकतो, चादर लाथाडतो? मग रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी निघू शकतं, आणि पायांच्या अशा अस्वस्थतेत ते एका मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर लोहाचा विचार करतात. ठरावीक चार पदार्थांवर जगणाऱ्या मुलांमध्ये हे आणि बद्धकोष्ठता दोन्ही भेटतात. जंत, खाज, दाढ, छातीत जळजळ हेही पाहून घ्या. एडीएचडीचं (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) औषध चालू असेल तर त्याच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि एक गोष्ट टाळू नका: झोपेत अंग ताठ होणं, एकाच लयीत झटके, जीभ चावली जाणं, अंथरूण ओलं होणं, सकाळी गुंगीत असणं, असं काही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. ऑटिझम असलेल्या मुलांत आकडीचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं आणि काहींना ती फक्त झोपेतच येते.

आता झोपाळा, कारण मला तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली. आपल्याकडे जुन्या घरांच्या बैठकीत झोपाळा असतोच, आणि या मुलांना झोका जिवापाड आवडतो. दांडिया बाजारातल्या एका घरी मी मुद्दाम रात्री उशिरापर्यंत बसले होते. आजोबा पायानं जमीन रेटत झोका देत होते, कड्या एका लयीत करकरत होत्या, टीव्हीवर मालिका चालू होती. नात अर्ध्या तासात झोपली. मग तिला अलगद उचलून आतल्या खोलीत नेलं, दिवा मालवला, दार लोटलं. घरच्यांच्या मते ती रोज छान झोपायची आणि दोनला ‘खेळायला’ उठायची.

खरं तर आपण सगळेच रात्रीतून अनेकदा किंचित जागे होतो, कूस बदलतो आणि परत झोपतो. आपल्याला ते आठवतही नाही, कारण डोळा लागताना जे आजूबाजूला होतं तेच तेव्हाही असतं. त्या मुलीचा डोळा लागला तेव्हा झोका होता, कड्यांचा आवाज होता, आजोबा होते. दोनला जरा जाग आली तर यातलं काहीच नाही. ती झोप शोधत बैठकीत यायची आणि झोपाळ्यावर बसायची. खेळायचं तिच्या मनातही नसायचं.

तिथे आम्ही झोका बंद केला नाही, त्याची वेळ बदलली. जेवणाआधी मनसोक्त झोका. मग आजोबा झोपाळ्यावर जुनी चादर टाकायचे. चादर पडली की झोपाळा आजचा संपला, हे तिला न बोलता कळायला लागलं. झोप मात्र पलंगावरच लागायची, त्याच खोलीत, त्याच अंधारात. आजोबा पलंगाशेजारी स्टुलावर, पाठीवर हात. काही दिवसांनी हात काढला, मग स्टूल हळूहळू दाराकडे सरकत गेलं. दोनला उठली तरी दिवा नाही, गप्पा नाहीत, दूध नाही. हात धरून परत पलंगावर आणि दरवेळी तेच एक वाक्य. सुरुवातीचे दिवस फार कठीण गेले. रडणं आधी वाढलं आणि मगच कमी झालं. हे तुमच्याकडेही होईल, आणि नेमकं त्याच रात्री एकदा झोका दिला तर मूल एवढंच शिकेल की जास्त रडायचं. म्हणून घरातल्या सगळ्यांचं आधी ठरू द्या, सासूबाईंचं सुद्धा, आणि मगच सुरुवात करा. ती मुलगी आजही बोलत नाही, केस धुताना आजही घर डोक्यावर घेते. पण तिच्या मनगटावरचे दातांचे वळ गेले आणि ती माझ्यासमोर टेबलाशी बसून मणी ओवते.

झोपेच्या वेळेबद्दल. एकला झोप येणाऱ्या मुलाला उद्यापासून साडेनवाला अंथरुणात घालू नका. साडेतीन तास नुसती झटापट होईल आणि अंथरूण म्हणजे भांडण असं त्याच्या डोक्यात बसेल. आधी साडेबारालाच न्या, लवकर डोळा लागू द्या. ते जमलं की पंधरा मिनिटं अलीकडे, काही दिवसांनी आणखी पंधरा. उठायची वेळ मात्र रविवारीही तीच. उठल्याबरोबर गच्चीवर किंवा अंगणात उजेडात न्या. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं.

दुपारची दोन तासांची झोप अर्ध्या तासावर आणा. आणि चहा! आपल्या घरांत पाच वाजता मुलांनाही खारी बुडवायला चहा मिळतो; तो बंद, चॉकलेटही दुपारनंतर नको. बाबा दुकान बंद करून दहाला घरी येतात आणि मग दंगामस्ती सुरू होते, असं बऱ्याच घरांत असतं. बाबांचा तो वेळ मोलाचा आहे, फक्त तो सकाळी हलवा. झोपण्याआधी तासभर मोबाइल नको, दिवे मंद. आंघोळ, कपडे, पाणी, शू, पलंग असे स्वतः काढलेले फोटो ओळीनं भिंतीवर लावा आणि एकेक झालं की त्याला तो फोटो काढून डब्यात टाकू द्या. पुढे काय होणार हे डोळ्यांना दिसलं की या मुलांची निम्मी घालमेल कमी होते.

आता मेलाटोनिन. ते आपल्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून अंधार पडल्यावर स्रवणारं संप्रेरक आहे, आणि ऑटिझम असलेल्या काही मुलांत त्याची पातळी किंवा वेळ वेगळी आढळते. त्याचा उपयोग होतो, मुख्यतः झोप लवकर लागण्यासाठी. रात्री मधेच उठण्यावर साधी गोळी फारशी चालत नाही. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी अकादमीनं २०२० मध्ये जो क्रम सांगितला तो मला पटतो: आधी इतर आजार आणि औषधं तपासा, सवयी बदला, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मेलाटोनिन. पण डोस आणि ब्रँड केमिस्टनं ठरवायचा नाही. २०१७ साली कॅनडात दुकानांतली ३१ उत्पादनं तपासली तेव्हा लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त इतकं मेलाटोनिन त्यांत निघालं, आणि काहींत सेरोटोनिन हे मेंदूवर परिणाम करणारं वेगळंच रसायनही सापडलं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, कमी डोसपासून सुरू केलेलं, इतकंच घ्या.

झोपेसाठी सर्दीचं सिरप देऊ नका. त्यातल्या काही औषधांनी मुलं उलट पिसाळल्यासारखी होतात. दुधात जायफळ चवीपुरतं उगाळलं तर ठीक, पण ‘आज झोपला नाही, उद्या जास्त’ असं करत नेऊ नका. जास्त जायफळ विषारी ठरतं, छाती धडधडते, भ्रम होतो. वजनदार ब्लँकेटची खूप जाहिरात होते. इंग्लंडमध्ये ५ ते १६ वर्षांच्या मुलांवर तपासलं तेव्हा त्यानं झोप वाढली नाही, मुलांना ते आवडलं मात्र. आवडत असेल तर वापरा, झोपेच्या आशेनं एवढे पैसे घालू नका.

नवरात्रात तुमच्या सोसायटीत शेरी गरबा, म्हणजे गल्लीतला गरबा, असेलच. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, पण सणांसाठी सरकार मोजक्या दिवशी १२ पर्यंत सूट देतं. त्या नऊ रात्री झोपेची वेळ अलीकडे आणण्याचं काम थांबवा, गरबा संपल्यावरच झोपवा आणि उठायची वेळ तेवढी धरून ठेवा. पलंग मागच्या खोलीत हलवा, पंखा किंवा कूलरचा एकसुरी आवाज चालू ठेवा. मंडळातल्या मुलांना आधीच भेटून स्पीकरचं तोंड तुमच्या खिडकीकडून वळवायला सांगा. समजावून सांगितलं तर बहुतेक ऐकतात.

शाळेच्या डायरीत रोज सकाळी एक ओळ लिहा: ‘काल झोप इतके तास.’ झोप कमी झालेल्या दिवशी बाईंनी प्रार्थनेच्या गर्दीत न उभं करता त्याला वर्गात बसू द्यावं, अवघड काम थोडं कमी द्यावं, एवढी विनंती करा. सयाजी रुग्णालयात बालरोग आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग आहेत. तिथे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना वही आणि रात्रीचा व्हिडिओ सोबत न्या. आणि तीनची पाळी रोज तुम्हीच करत असाल तर ती आजपासून वाटून घ्या, एक रात्र तुमची, एक त्याच्या बाबांची.