ड्रिल मशीन आणि जिगसॉसाठी पायाने दाबायचा स्विच कुठला घ्यावा? (मिरज, घरचं छोटं वर्कशॉप, अर्धा ते १ एचपी सिंगल फेज)

मोमेंटरीच घ्या, म्हणजे पाय ठेवला की चालू आणि उचलला की बंद, कारण दोन्ही हात लाकडावर असताना बिट अडकलं तर नुसता पाय उचलला की मशीनची लाईन तुटते. एकदा दाबला की चालूच राहणारा लॅचिंगवाला असल्या कामाला नको, लाईट गेली आणि तुम्ही तसंच चहाला गेलात तर लाईट आल्यावर मशीन आपलं आपण सुरू होतं, आणि आपल्याकडं लाईट कधी जाईल काय सांगावं.

आता अँपिअरचं. स्वस्त प्लॅस्टिकच्या पेडलवर १० अँपिअर लिहिलेलं असतं पण ते बऱ्याचदा हीटर-बल्बसारख्या लोडचं, मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते आणि आतले पॉईंट जळून चिकटतात. मग पाय उचलला तरी मशीन चालूच, हे लई डेंजर. म्हणून १ एचपीच्या मोटरला मी थेट पेडल लावणारच नाही, मधे २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर टाका (कॉइलला करंट मिळाला की मोटरची लाईन जोडणारा दणकट स्विच), म्हणजे पेडलमधून फक्त कॉइलचा थोडा करंट जाईल. अर्ध्या एचपीला चांगलं पेडल थेट चालतं, पण त्यावर मोटरचं रेटिंग वेगळं लिहिलंय का ते बघून घ्या.

बॉडी लोखंडी आणि वरून झाकण असलेलीच बघा, नाहीतर फळी पडली तरी मशीन सुरू होईल. अर्थिंगची तिसरी वायर बॉडीला जोडाच. कुपवाड एमआयडीसीकडच्या इलेक्ट्रिकल दुकानात चौकशी करा, हातात घेऊन दाबून बघता येतं. आणि बिट बदलताना प्लग काढायचा, पेडलवर भरवसा नाही.